बंदुकीवरचा नंबर

शाळेत इतिहास शिकवताना सनावळ्या पाठ करून घेण्यात माझे आयुष्य गेले. मुले म्हणत, "सर, आकड्यांत काय आहे?" आज एका वेगळ्याच आकड्याबद्दल लिहितो. बंदुकीच्या लोखंडावर ठोकलेला नंबर. विषय थोडा रुक्ष वाटेल, पण वाचून पाहा.

२२ नोव्हेंबर १९६३. डल्लासमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. शालेय पुस्तकांच्या एका गोदामाच्या सहाव्या मजल्यावर जुनी इटालियन रायफल सापडली. नंबर होता सी २७६६. त्या नंबरावरून आधी आयात करणारा व्यापारी आणि त्याच्या वह्यांतून शिकागोचे एक दुकान सापडले. तिथल्या कारकुनांनी रात्रभर कागद धुंडाळले आणि पहाटे नोंद मिळाली : मार्च १९६३ मध्ये ही रायफल 'ए. हिडेल' या नावाने टपालाने डल्लासला पाठवली, किंमत टपालखर्चासह २१ डॉलर ४५ सेंट. हिडेल हे ओस्वाल्डचेच खोटे नाव निघाले. इटलीत १९४० साली ठोकलेला नंबर एका रात्रीत माणसापर्यंत घेऊन गेला!

आता आपल्याकडचे उदाहरण. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर ज्या बेरेटा पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, तिचा नंबर ६०६८२४. तोही स्वच्छ वाचता येत होता. पण पिस्तूल ग्वाल्हेरला विनापरवाना हातोहात मिळवलेले. नंबरासमोर परवानाधारकाचे नाव असलेली वहीच नव्हती. म्हणजे नंबर एकटा मुका असतो, त्याला वाचा फुटते ती नोंदवहीमुळे. आणि उलटही खरे. नोंदवही कितीही चोख असली, तरी लोखंडावरचा नंबर कोणी घासून टाकला, तर ती वही रद्दीच.

आपल्या देशात शस्त्रांचा कायदा जुना आहे. लिटनसाहेबाच्या काळात १८७८ साली तो झाला. सत्तावनचा धसका होताच. हिंदी माणसाला परवाना हवा आणि गोऱ्यांना सूट, असा तो उघड भेदभाव होता. काँग्रेसने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यातले आठवे कलम नंबराबद्दल आहे. बंदुकीवरचे नाव, नंबर वा ओळखखूण कोणीही पुसू नये, काढू नये, बदलू नये, खोटी करू नये. अशी खूण नसलेली बंदूक विकू वा हस्तांतरित करू नये.

पुढचे पोटकलम मला फार महत्त्वाचे वाटते. अशी खूण नसलेली किंवा पुसलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ती पुसली असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. एरवी आरोप सिद्ध करायचा तो सरकारने. इथे काटा उलटा फिरतो. नंबर घासणाऱ्याला कोणी पाहिलेले नसते, म्हणून कायद्याने हा मार्ग काढला असावा. पण निरपराध वारसदाराच्या दृष्टीने हे किती जड आहे! कायदा आला तेव्हा खूण नसलेल्या जुन्या बंदुका बाळगणाऱ्यांना एक वर्षाची सवलत दिली होती, एवढाच काय तो दिलासा.

अमेरिकेत प्रत्येक नव्या बंदुकीवर नंबर सक्तीचा झाला तो १९६८ च्या कायद्याने, केनेडींनंतर पाच वर्षांनी. नंबर हवा तो मूळ सांगाड्यावर, कारण नळी बदलता येते, सांगाडा म्हणजेच बंदूक. २००२ पासून तर नंबर किती खोल कोरायचा तेही ठरले : इंचाचा तीन-हजारांश भाग. मात्र १९६८ पूर्वीच्या बिननंबरी बंदुका तिथे तशाच कायदेशीर राहिल्या. देशादेशांत हा फरक आहे.

आता हे सारे कशाला सांगतो? आपल्या नात्यात कोकणात दोन-तीन घरी आजोबांच्या काळातल्या ठासणीच्या आणि बारा बोरच्या बंदुका आहेत, रानडुकरांपासून शेती राखायला घेतलेल्या. मधे एका भाच्याने विचारले, "मामा, गंज घासून पॉलिश करताना नंबर जाईल, तर तोच नंबर दुसरीकडे ठोकून घेतला तर चालेल ना? नंबर तर तोच." भाबडा प्रश्न, पण उत्तर नाही असेच आहे. खूण हलवायची म्हणजे आधी जागची काढायची, आणि ते काढणेच कलमात गुन्हा आहे. मनात काय होते हे त्या कलमात विचारलेले नाही. तेव्हा घासण्याआधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या. शिवाय घासून काही मिटत नाही. ठोकताना खालचा धातू दाबला जातो, आणि प्रयोगशाळेत आम्ल लावले की पुसलेले आकडे अनेकदा पुन्हा उमटतात.

आकड्यांत काय आहे, असे विचारणाऱ्या मुलांना हे सांगायचे राहून गेले. आकड्यात माणूस असतो. तो कोण, कधीचा, कोणाचा, हे सांगणारा साक्षीदार असतो. साक्षीदाराची जागा बदलायची नसते, आणि त्याचे तोंड तर मुळीच बंद करायचे नसते.