मळमळीवरील औषधे आणि अनैच्छिक हालचाली

मळमळ व उलटी थांबवण्यासाठी देशभर दिल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रामाइड या औषधामुळे काही रुग्णांमध्ये चेहरा, मान व डोळ्यांच्या अनैच्छिक हालचाली उद्भवतात. पेरिनॉर्म, रेग्लान या नावांनी हे औषध परिचित आहे. मेंदूतील उलटीचे केंद्र उद्दीपित करणाऱ्या डोपामाइन या रसायनाचे कार्य ते रोखते. मात्र हालचालींचे नियमनही डोपामाइनवरच अवलंबून असल्याने तेथेही अडथळा निर्माण होतो.

पहिल्या एक-दोन दिवसांतच मान वाकडी होणे, डोळे वर फिरणे, जबडा आवळला जाणे ही लक्षणे मुले व तरुणांमध्ये अधिक आढळतात. ती पाहून घरचे लोक घाबरतात. फिट, धनुर्वात किंवा बाहेरची बाधा असल्याचा समजही होतो. वास्तविक योग्य इंजेक्शनने हा त्रास बहुधा काही मिनिटांतच ओसरतो.

दीर्घकाळ औषध घेतल्यानंतर होणारा टार्डिव्ह डिस्कायनेशिया अधिक गंभीर आहे. ओठ चाटणे, चघळल्यासारखे तोंड हलवणे, डोळे मिचकावणे या हालचाली औषध बंद केल्यावरही कायम राहू शकतात. वृद्ध, विशेषतः स्त्रिया, तसेच मधुमेही रुग्णांना याचा धोका जास्त असतो.

क्वचित या हालचाली हुबेहूब ‘टिक’सारख्या दिसतात. फ्रेंच वैद्य जिल द ला टूरेट यांनी १८८५ मध्ये वर्णिलेल्या टिकच्या विकारावर हॅलोपेरिडॉल, पिमोझाइड ही डोपामाइन रोखणारीच औषधे दिली जातात, हा यातील विरोधाभास. टूरेट विकार बालपणी सुरू होतो आणि रुग्ण टिक काही क्षण रोखून धरू शकतो. प्रौढ वयात अशा हालचाली प्रथमच दिसल्यास रुग्ण कोणती औषधे घेत होता, याची चौकशी आधी व्हायला हवी.

अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये मेटोक्लोप्रामाइडच्या वेष्टनपत्रकात ठळक इशारा बंधनकारक केला. बारा आठवड्यांहून अधिक वापर टाळावा, असे त्यात म्हटले आहे. युरोपीय नियामकाने २०१३ मध्ये ही मर्यादा पाच दिवसांवर आणली, प्रौढांसाठी दिवसाला कमाल ३० मिलिग्रॅम मात्रा ठरवली आणि एक वर्षाखालील बालकांना ते देऊ नये, असे स्पष्ट केले.

डोम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे हा धोका कमी; परंतु त्याने हृदयाची लय बिघडू शकते. ऑनडॅनसेट्रॉन डोपामाइनऐवजी सेरोटोनिनवर कार्य करते. भारतात आम्लपित्ताच्या कॅप्सूलमध्ये मिसळलेले लेव्होसल्पिराइड मात्र डोपामाइन रोखणारेच आहे, आणि अशा कॅप्सूल अनेक जण डॉक्टरांना पुन्हा न विचारता महिनोन्‌महिने घेत राहतात.