देऊळ पाडावं की राखावं

दिंडीला शंभर वर्षे पुरी झाली म्हणून चालकांनी आम्हांस इतिहासावर चार ओळी लिहायला सांगितल्या. आमचं शिक्षण चौथी. संतांच्या कालनिर्णयाचं विद्वान मंडळी बघतील. आम्ही दगडाविषयी लिहितो, कारण तोच प्रश्न आज आमच्या गावापुढं उभा आहे.

पंढरीच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे. रामदेवराव यादवाच्या काळातला, इ.स. १२७३ ते १२७७ मधला. देवळासाठी कोणी किती दिलं त्याची ती नोंद, आजच्या भाषेत पावतीबुकच म्हणा ना. पण त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो असा समज पडला आणि पिढ्यानपिढ्या लोकांनी पाठी घासल्या. अक्षरं झिजली. घासणाऱ्याच्या मनात भावच होता. पण ज्यांनी पदरचं देऊन देऊळ उभं केलं, त्यांचीच नावं पुसत चालली. खुद्द पांडुरंगाच्या पायांचंही तेच. लाखो हात लागून पाय झिजले, म्हणून २०२० साली वज्रलेप द्यावा लागला.

देवळावरही असेच थर चढले होते. ग्रॅनाइट, फरशी, रंग. त्या त्या वेळी ज्याला जे शोभेचं वाटलं ते त्यानं केलं. पुढं शासनानं ७३ कोटी ८५ लाखांचा आराखडा केला, आणि १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्श दर्शन बंद झालं. चैत्री वारीला मुखदर्शनावरच समाधान मानावं लागलं. वारकऱ्यांत कुरकुर झाली, ती साहजिकच होती. पण ग्रॅनाइट निघालं, चांदी उतरवली, रंग खरवडला, तेव्हा आतला मूळचा दगड दिसला. मे महिन्याच्या अखेरीस काम चालू असताना तळघर लागलं, त्यातून जुन्या मूर्ती निघाल्या. २ जूनला पुन्हा पायावर डोकं ठेवायला मिळालं. सज्जनहो, तिथं कोट्यवधी रुपये नवं चढवायला नाही, चढवलेलं उतरवायला लागले, हे ध्यानात घ्या.

आता आमच्या गावचं. आपली दिंडी ज्या ओट्यावरून निघते ते देऊळ हेमाडपंती बांधणीचं आहे. दगडाला खाच पाडून दगडात दगड बसवलेला, मधे चुना नाही. तरुण मंडळींचं म्हणणं, पाडा, स्लॅब टाका, कळस डांबरी रस्त्यावरून दिसला पाहिजे. देणगीदारही तयार आहेत. त्यांचा भाव खोटा नाही, पण आमचा याला विरोध आहे आणि तो इथं छापून यावा अशी इच्छा आहे.

देऊळ गळतं हे खरं. पण गळतं का, ते बघा ना. वर सांध्यात पिंपळ रुजलाय, त्याच्या मुळीनं दगड सरकलेत. पिंपळ तोडू नये म्हणतात, तर लहान आहे तोवर मुळासकट काढून बांधावर लावा. भिंतींना ऑइलपेंट आहे. तो दगडाला रेनकोटासारखा, आतली ओल बाहेर येऊ देत नाही, मग दगडाचे पोपडे सुटतात. चिरा सिमेंटनं बुजवल्यात. सिमेंट दगडाशी जुळून घेत नाही, ओल कोंडून धरतं. चुना घेतो आणि सोडतो. पूर्वी घाणीला बैल जुंपून चुना मळायचे, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचे. हे काम जाणणारे गवंडी अजून आहेत, फक्त शोधायला पाहिजेत. रंग काढायचा तर वाळूचा मारा करून मुळीच नको, नक्षीच उडून जाते.

आणि दारातले ते दोन वीरगळ. त्यांवर लोक धुणं आपटतात. आधी ते उचलून ओट्यावर घ्या, त्याला कोणाची देणगी लागत नाही.

पाडायचं की राखायचं याची बैठक कार्तिकीहून परतल्यावर ठरली आहे. तोवर जाणकाराला एकदा देऊळ दाखवावं, एवढं आमचं मागणं चालकांनी मान्य केलं आहे. ज्यांनी स्लॅबसाठी रक्कम बोलली आहे त्यांनी ती दुरुस्तीला चालेल का, हे बैठकीआधी कळवावं.