क्षितिज नसलेला मुलूख

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कुंपणभिंतीवर वारली चित्रं काढली आहेत. गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट, त्यावर पांढरा. भिंत लांबलचक आहे आणि तिच्यावर तेच झाड अकरा वेळा आलं आहे. डावीकडची तिसरी फांदी अकराही ठिकाणी एकाच जागी तुटते. साचा तिथे फाटला असावा. पुढे तारप्याचा नाच आहे. माणसांचं गोल कडं, जणू कंपासने आखलेलं, पूर्ण बंद. तारपा वाजवणाऱ्याला आत जागाच उरली नाही म्हणून तो बाहेर उभा आहे, आणि नाचणाऱ्या सगळ्यांची पाठ त्याच्याकडे. खऱ्या नाचात फेर बंद होत नाही, साखळी वाजवणाऱ्याभोवती वळत जाते, आणि त्याच्याकडे पाठ करायची नाही हा तर दंडकच. पण भिंत रंगवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. वारली चित्राबद्दल शिकल्यासवरल्या लोकांचं जे मत आहे, तेच त्याने भिंतीवर उतरवलं.

ते मत असं: वारली चित्र ही चिन्हांची लिपी आहे. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, चौकोन म्हणजे चौक, वर्तुळ म्हणजे सूर्य-चंद्र. त्यात झाडं आहेत, डोंगर आहेत, शेतं आहेत, पण निसर्गचित्र नाही. क्षितिज नाही, जवळ-लांब नाही, सावली नाही, आणि एक पांढरा सोडला तर रंग नाही. निसर्ग आहे तो अलंकार म्हणून किंवा खूण म्हणून. तेव्हा जिव्या सोमा म्हसे हे थोर लोककलाकार खरे, पण निसर्गचित्रकार म्हणजे हळदणकर, परांडेकर, धोंड. म्हसे त्या रांगेत बसत नाहीत.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. गंजाडचे म्हसे (1934–2018) हे पालघर जिल्ह्याने दिलेले सर्वांत मोठे निसर्गचित्रकार आहेत, आणि ‘लोककलाकार’ म्हणून त्यांचा गौरव करताना आपण त्यांना त्यांच्या खऱ्या खात्यातून उठवलं आहे.

पूर्वपक्षाचं जे खरं आहे ते आधी देऊन टाकतो. लग्नघरातला चौक हे निसर्गचित्र नव्हे. सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने लिहायचा, लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाणी म्हणायची, चौकात पालघट देवी, शेजारी घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. तो चौक असल्याशिवाय लग्न लागत नाही. तो विधी आहे आणि त्यातली प्रत्येक आकृती ठरलेली आहे. लिपीवाल्यांचं म्हणणं इथे शंभर टक्के लागू पडतं. पण चौकाच्या चौकटीबाहेर भिंत संपत नाही. बाहेर ताडावर चढणारा माणूस असतो, वाघ असतो, कोंबड्या, डोंगर, नाच असतो. तिथे लिहिणारीचा हात मोकळा असतो.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन डहाणूकडे आले. बिहारच्या दुष्काळात त्यांनी मिथिलेत भिंतीवरची चित्रं कागदावर आणण्याचं हेच काम केलेलं होतं. इथे चित्रं बायकांची, पण कागदावर झपाट्याने हात चालला तो म्हशांचा. त्यांचं लहानपणीच आईचं छत्र गेलं, नंतर कित्येक दिवस ते बोलत नव्हते, धुळीत रेघा ओढून सांगायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. म्हशांच्या कागदावर काय झालं ते नीट पाहा: मधला चौक गेला आणि बाहेरचा मुलूख मध्ये आला.

चित्रकलेच्या इतिहासात ही घटना अनोळखी नाही. युरोपात निसर्गचित्र जन्मलं ते असंच. अँटवर्पच्या पाटिनिरच्या चित्रांत संत कोपऱ्यात अंगठ्याएवढा उरतो आणि सगळी जागा खडक, नदी, रानाला जाते. 1521 मध्ये चित्रकार ड्यूररने आपल्या रोजनिशीत त्याला चांगला निसर्गचित्रकार म्हटलं. देव बाजूला सरकले, पार्श्वभूमी पुढे आली. म्हशांनी नेमकं तेच केलं, पण त्याला आपण परंपरा जपणं म्हणतो. (वारली चित्रं हजारो वर्षं जशीच्या तशी चालत आली हे जे माहितीपत्रकांत छापतात, त्याला पुरावा म्हणून भीमबेटकाच्या गुहांशी असलेलं साम्य पुढे करतात. कुडाच्या भिंतीवरचं तांदळाचं पीठ दोन पावसाळे टिकत नाही. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. यावर याहून जास्त शाई घालवायची गरज नाही.)

लिपीवाल्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. वारली बायका चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. मग लिपी म्हटलं तर काय चुकलं?

चुकलं ते असं, की लिहिणे या क्रियापदावर अक्षरांनी कब्जा केला तो पुष्कळ नंतर. लिख् म्हणजे ओरखडणे, रेघ ओढणे. संस्कृतात चित्राला आलेख्य म्हणतात, जुन्या मराठीतही चित्र लिहीतच असत. वारली बाईने जुना शब्द राखला, आपण तो विसरलो, आणि आता तिच्याच शब्दाने तिचं चित्र अक्षरांत मोजतो.

आलेख्याची गोष्ट निघालीच आहे तर शाकुंतलाचा सहावा अंक आठवा. दुष्यंताने शकुंतलेचं चित्र लिहिलं आहे, पण ते त्याला अपुरं वाटतं. त्यात अजून काय घालायचं ते तो सांगतो. मालिनी नदी, तिच्या वाळवंटात हंसांची जोडी. दोन्ही बाजूंना हिमालयाचे पायथे, तिथे बसलेली हरणं. वल्कलं वाळत घातलेला वृक्ष, आणि त्याखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी. हे निसर्गचित्र नाही असं कोण म्हणेल? पण त्यात क्षितिज कुठे आहे? सावली कुठे आहे? एका जागी उभं राहून नदीतले हंस, डोंगरपायथा आणि हरिणीचा डावा डोळा दिसतील का? कालिदासाच्या डोक्यात चित्रातली जागा म्हणजे जिथे काहीतरी चाललेलं आहे अशी जागा. म्हशांचं चित्र या घराण्यातलं आहे. त्याला परकं ठरवणारी मोजपट्टी जे. जे. स्कूलच्या शिक्षणातून आली, आणि ती पट्टी चांगली आहे, पण ती एकमेव नाही.

आता क्षितिजाचा हट्ट. या हट्टाचं सर्वांत भव्य उदाहरण अमेरिकेतल्या वाळवंटी दऱ्यांच्या चित्रकारांत सापडेल. टॉमस मोरान 1873 मध्ये कोलोरॅडो नदीच्या महादरीच्या काठावर उभा राहिला. त्याआधीचं त्याचं यलोस्टोनच्या दरीचं चित्र अमेरिकन संसदेने दहा हजार डॉलरना घेतलं होतं. या दरीच्या चित्रालाही तेवढीच किंमत आली. कडा, खाली खोल दरी, लांब विरत जाणारे लाल-पिवळे थर. बघणारा काठावर, दरी समोर. आपण ज्याला निसर्गचित्र म्हणतो त्याचा हा कळस. पण मोरान स्वतः जागेची हुबेहूब नक्कल करायला कधीच तयार नव्हता. निरनिराळ्या जागांवरून पाहिलेलं तो एका चित्रात आणायचा. म्हणजे ज्याच्या नावाने एका नजरेची शपथ घ्यायची, त्यानेच ती मोडलेली. आणि दुसरं. त्या दरीच्या तळाशी हवासुपाई नावाचे लोक राहतात, पिढ्यान्‌पिढ्या ओढ्याच्या पाण्यावर मका-भोपळा पिकवतात. त्यांना ती दरी समोर दिसत नाही, ते तिच्यात असतात. कड्यावरून दिसणारा देखावा हा पाहुण्याचा. तळातल्या माणसाला देखावा नसतो, वाटा असतात.

बोईसरजवळच्या तारापूरच्या माणसाला हे समजायला अमेरिकेला जावं लागत नाही. चिंचणीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर लख्ख आडवी रेघ असते. समुद्र हा एका जागी उभं राहून बघायचा. मालवणच्या प्रल्हाद धोंडांनी जलरंगांत तो जसा पाहिला तसा फार थोड्यांनी पाहिला, आणि त्यांच्या चित्रात ती आडवी रेघ नसती तर चित्रच उभं राहिलं नसतं. पण रेल्वेलाइन ओलांडून पूर्वेला निघा. महामार्गापलीकडे साग, ऐन, कारवी, मधेच भाताची खाचरं, मधेच ओहोळ, डोंगरामागे डोंगर. महालक्ष्मीचा सुळका कधी दिसतो, कधी गडप होतो. पन्नास पावलांपुढचं बहुधा दिसत नाही. हा मुलूख उभं राहून कळत नाही, चालून कळतो. राब भाजायचा कुठे, आवण काढून न्यायचं कोणत्या बांधावरून, चढणीला वाट कुठे फुटते, हे पायाला ठाऊक. अशा ठिकाणच्या चित्रकाराने क्षितिज काढलं नाही तर त्याला ते येत नव्हतं म्हणून नव्हे. तिथे ते नाहीच.

म्हशांचं जाळ्याचं चित्र ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. शेण सारवलेल्या कापडावर बांबूच्या काडीने काढलेलं प्रचंड जाळं जवळजवळ सगळी जागा व्यापतं. लांबून ते टेकडीसारखं दिसतं. जवळ गेलात की हजारो बारीक रेघा एकीत एक अडकत जातात, कुठे दाट, कुठे विरळ, आणि डोळा ओल्या सुतासारखा त्यांच्यामागे ओढला जातो. माणसं काठाशी मुंगीएवढी. अलीकडचा काठ मोठा, पलीकडचा लहान असला प्रकार नाही, कारण जाळं ओढणारा दोन्ही काठांवर जाऊन येतो. त्यांच्या झाडांचंही तेच. ताड ताडासारखा, बांबू बांबूसारखा, पानांच्या बारीक फटकाऱ्यांना दिशा असते, आणि बोईसरच्या भिंतीवर अकरा वेळा छापलेलं झाड त्यांच्या एका कागदावर दोनदाही आढळायचं नाही. सगळं रात्रंदिवस हलतंय, असं ते म्हणत. जे हलतंय त्याची सावली कोणत्या तासाची काढायची? चिनी चित्रकारांनीही काढली नाही. अकराव्या शतकातल्या ग्वो शीने डोंगर पाहण्याची तीन अंतरं सांगितली, वर पाहणं, आत पाहणं, पल्याड पाहणं, आणि तिन्ही एका चित्रात चालतात. त्यांना कुणी लिपीत घातलं नाही.

2003 मध्ये जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयात म्हसे आणि ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांची चित्रं शेजारी-शेजारी लागली, पुढच्या वर्षी मिलानमध्ये. लाँगने 1967 मध्ये एका कुरणात गवत दबेपर्यंत येरझाऱ्या घालून सरळ रेघ उमटवली होती आणि तिचा फोटो काढला होता. चालणं हीच त्याची कला. तो वारल्यांच्या मुलखात येऊनही चालला. भिंतीवर तो नदीचा चिखल हाताने लावतो, म्हसे कापडावर शेण. दोघांच्याही चित्राची जमीन म्हणजे खरोखरची जमीन. पण कलेच्या वह्यांत नोंदी कशा होतात पाहा: लाँगचं काम ‘भूमिकला’, म्हशांचं ‘आदिवासी कला’. एकाला विषयावरून नाव, दुसऱ्याला जमातीवरून. परदेशी माणूस शेजारी बसला म्हणून म्हसे मोठे झाले असं मला म्हणायचं नाही. 1976 मध्येच त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता, 2011 मध्ये पद्मश्री. मुद्दा एवढाच, की शेजार लागल्यावर नावातला घोळ उघडा पडला.

एक आक्षेप माझ्याच मनात येतो आणि तो मी झाकणार नाही. म्हशांचा मुलूख फार निवांत आहे. 1945 च्या मे महिन्यात तलासरी भागातल्या झरीला वारल्यांनी वेठ नाकारली, ऑक्टोबरात तलवड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड पडला. म्हसे तेव्हा अकरा वर्षांचे. त्यांची जी चित्रं मी पाहिली त्यांत खळं आहे, पीक आहे, धान्यदेवता कणसरी आहे, पण त्या खळ्यावरून धान्य उचलून नेणारा सावकार नाही. लिपीवाला म्हणेल, बघा, खुणांच्या जगात इतिहास नसतो. पण मोरानच्या दऱ्यांतही त्याला तिथवर नेणाऱ्या रेल्वे कंपन्या दिसत नाहीत, आणि पुढे त्याच कंपन्यांनी ती चित्रं तिकिटं खपवायला वापरली. जमीन कुणाच्या नावावर आहे ते वगळून जमीन रंगवणं ही निसर्गचित्रकारांची जुनी खोड. ती म्हशांनाही होती, म्हणजे या बाबतीतही ते त्याच जातकुळीतले.

मग त्यांना टांगायचं कुठे? धोंडांच्या समुद्राशेजारी. एका खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर तो समुद्र आणि पूर्वेच्या भिंतीवर हे जाळं. धोंडांसमोर माणूस आपोआप चार पावलं मागे सरकून थांबतो. जाळ्यासमोर तो पुढे जातो, मग डावीकडे, मग वाकून खालच्या कोपऱ्यातली माणसं मोजतो, आणि राखणदार सांगतो की अंतर ठेवा.