आठ विरुद्ध सात
(अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांच्या इतिहासातील एक पान)

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. आपल्याकडे विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम होती आणि तिकडे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल नुकताच लागला होता. डोनाल्ड ट्रम्प यांना ३१२ आणि कमला हॅरिस यांना २२६ मते, असे वर्तमानपत्रांत छापून आले होते. दहावीच्या वर्गात राज्यशास्त्राचा तास चालू असताना एका विद्यार्थिनीने हात वर केला आणि विचारले, "सर, एवढ्या मोठ्या देशात फक्त ५३८ माणसांनीच मत दिलं का?"

वर्ग हसला. परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि घंटा झाली तरी ते पुरे झाले नाही. ते उत्तर पुरे करण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

५३८ चा हिशेब

अमेरिकेचा सामान्य मतदार कायद्याच्या भाषेत अध्यक्षाला मत देत नाही. तो आपल्या राज्यातील 'निर्वाचक' निवडतो आणि हे निर्वाचक अध्यक्ष निवडतात. ही पद्धत १७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झालेल्या राज्यघटनेत घालून दिलेली आहे. प्रत्येक राज्याला प्रतिनिधीगृहात जेवढ्या जागा, त्यांत सिनेटच्या दोन जागा मिळवायच्या, म्हणजे त्या राज्याच्या निर्वाचकांची संख्या निघते. राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या घटनादुरुस्तीने तीन निर्वाचक मिळाले. आज ही बेरीज ५३८ होते आणि विजयासाठी २७० लागतात. मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर ज्याला राज्यात सर्वाधिक मते त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक, असा नियम आहे.

विद्यार्थ्यांनी व्हॉलीबॉलचा सामना डोळ्यांसमोर आणावा. एक संघ पहिला सेट २५-१० असा जिंकतो आणि पुढचे दोन सेट २३-२५, २३-२५ असे हरतो. गुणांची बेरीज केली, तर त्याचे ७१ आणि प्रतिस्पर्ध्याचे ६०. तरी सामना प्रतिस्पर्ध्याचा! अमेरिकेत १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ अशा पाच वेळा देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला, तो असा. आपल्याकडेही सरकार कोणाचे हे एकूण मतांवर नव्हे, तर जागांवर ठरते. तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी वाटू नये.

पक्ष कसे जन्मले

पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन कोणत्याही पक्षाचे नव्हते. १७८९ व १७९२ या दोन्ही वेळी प्रत्येक निर्वाचकाने त्यांना मत दिले. निवृत्त होताना, १७९६ साली, त्यांनी देशवासीयांना पक्षीय दुहीपासून सावध राहण्याचा इशारा दिला. पण त्यांच्या डोळ्यांदेखतच दोन पक्ष उभे राहिले होते. एक जॉन ॲडम्स यांचा फेडरलिस्ट पक्ष आणि दुसरा थॉमस जेफरसन यांचा.

१८०० च्या निवडणुकीत ॲडम्स हरले. मात्र त्या वेळच्या नियमांतील उणिवेमुळे जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांना सारखीच, म्हणजे ७३-७३ मते पडली! प्रकरण प्रतिनिधीगृहाकडे गेले आणि छत्तिसाव्या फेरीत जेफरसन निवडून आले. ४ मार्च १८०१ रोजी त्यांनी शपथ घेतली. पराभूत ॲडम्स समारंभाला थांबले नाहीत, पहाटेच राजधानी सोडून गेले. मनात राग होता. परंतु त्यांनी सैन्य बोलावले नाही की खुर्ची अडवली नाही. एका पक्षाच्या हातातील सत्ता दुसऱ्या पक्षाच्या हाती रक्ताचा थेंब न सांडता गेली. त्या काळच्या जगात ही लहान गोष्ट नव्हती.

१८२४ साली अँड्र्यू जॅक्सन यांना सर्वाधिक मते मिळूनही बहुमत नव्हते, म्हणून प्रतिनिधीगृहाने जॉन क्विन्सी ॲडम्स यांना निवडले. चिडलेल्या जॅक्सन यांनी शस्त्र उचलले नाही. त्यांनी संघटना उभारली आणि १८२८ साली ते जिंकले. त्यांच्या अनुयायांतूनच आजचा डेमोक्रॅटिक पक्ष घडला. गुलामगिरीचा नव्या प्रदेशांत विस्तार होऊ नये, या मागणीतून १८५४ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला.

निकाल मानला नाही तेव्हा

१८६० साली रिपब्लिकन पक्षाचे अब्राहम लिंकन चौरंगी लढतीत निवडून आले. त्यांना सुमारे चाळीस टक्के मते होती, पण निर्वाचक मते १८० होती. दक्षिणेकडील गुलामांच्या मालकांना हा निकाल मान्य झाला नाही. लिंकन यांनी शपथ घेण्यापूर्वीच सात राज्ये फुटून निघाली. पुढे चार वर्षे यादवी युद्ध चालले आणि सहा लाखांहून अधिक माणसे मेली.

युद्धानंतर तीन घटनादुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली, १८६८ च्या दुरुस्तीने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व मिळाले आणि वर्णाच्या कारणावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही, असे १८७० च्या दुरुस्तीने ठरले. काल ज्यांचा बाजारात लिलाव होत असे, ते आज रांगेत उभे राहून मत देऊ लागले. त्यांच्यातील काही विधिमंडळात आणि काँग्रेसमध्येही निवडून आले. या घटनेचे पडसाद आपल्या महाराष्ट्रापर्यंत पोहोचले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे सर्वश्रुत आहे.

अर्पणपत्रिका लिहिली गेल्यानंतर तीनच वर्षांनी काय घडले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही.

१८७६ चा पेच

त्या वर्षी रिपब्लिकन पक्षातर्फे ओहायोचे गव्हर्नर रदरफोर्ड हेझ आणि डेमोक्रॅटिक पक्षातर्फे न्यूयॉर्कचे गव्हर्नर सॅम्युएल टिल्डन उभे होते. टिल्डन यांना सुमारे अडीच लाख मते जास्त पडली. विजयाला १८५ निर्वाचक मते हवी होती. टिल्डन यांच्याकडे १८४ होती, हेझ यांच्याकडे १६५. उरलेली २० मते वादात सापडली. त्यांतील १९ फ्लोरिडा, लुईझियाना व दक्षिण कॅरोलिना या तीन दक्षिणी राज्यांची होती. तेथे कृष्णवर्णीय मतदारांना दहशत बसवून, प्रसंगी जीवे मारून, मतदानापासून दूर ठेवले गेले होते, आणि मतमोजणीतही दोन्ही बाजूंनी हातचलाखी झाली होती. विसावे मत ऑरेगनचे. तेथील एक निर्वाचक पोस्टमास्तर निघाला, आणि केंद्र सरकारच्या नोकराला निर्वाचक होता येत नाही!

प्रत्येक राज्यातून दोन-दोन निकालपत्रे आली. खरे कोणते? घटनेत उत्तर नव्हते. अखेर जानेवारी १८७७ मध्ये कायदा करून पंधरा जणांचा आयोग नेमला गेला. त्यात पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी आणि सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती होते. सात एका पक्षाचे, सात दुसऱ्या पक्षाचे आणि पंधरावे निःपक्षपाती न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस, अशी योजना होती. पण ऐन वेळी इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने डेव्हिस यांना सिनेटवर निवडून दिले आणि त्यांनी आयोगावर बसण्यास नकार दिला. त्यांच्या जागी आलेले न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली रिपब्लिकन होते. मग प्रत्येक वादाचा निकाल एकच लागला, आठ विरुद्ध सात. वीसच्या वीस मते हेझ यांना मिळाली. २ मार्च १८७७ च्या पहाटे १८५ विरुद्ध १८४ असा निकाल जाहीर झाला.

देशात पुन्हा युद्ध होते की काय, अशी भीती होती. ते झाले नाही. टिल्डन यांनी निकाल स्वीकारला. परंतु पडद्याआड बोलणी चालली होती. दक्षिणेतील डेमोक्रॅट नेत्यांनी अडथळा आणू नये आणि हेझ यांनी दक्षिणेतील केंद्रीय सैन्याचा आधार काढून घ्यावा, असा त्यांचा आशय होता. ही बोलणी कितपत निर्णायक ठरली, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. घडले ते असे, की एप्रिल १८७७ मध्ये दक्षिण कॅरोलिना व लुईझियाना येथील सरकारी इमारतींवरचे सैनिक बराकीत परतले. कृष्णवर्णीय मतदारांचा शेवटचा पाठीराखा गेला. दैवाची थट्टा अशी, की बोलणी ज्या वॉर्मली हॉटेलात झाली, त्याचे मालक जेम्स वॉर्मली स्वतः कृष्णवर्णीय होते. त्यांच्या छताखाली त्यांच्या बांधवांच्या भवितव्याचा सौदा झाला, आणि त्या बैठकीत बांधवांपैकी कोणी नव्हते.

पाटीवरची परीक्षा

पुढची गोष्ट शिक्षक म्हणून मला अधिक बोचते. मताचा हक्क घटनेतून कोणी खोडला नाही. तो मतदार यादीतून खोडला गेला. मिसिसिपी राज्याने १८९० च्या आपल्या राज्यघटनेत मतदारावर कर बसवला आणि वाचनाची अट घातली. घटनेचे कलम वाचून दाखवा, नाहीतर ऐकून त्याचा अर्थ सांगा! अर्थ बरोबर की चूक हे ठरवणारा अधिकारी गोरा. इतर दक्षिणी राज्यांनी हाच कित्ता गिरवला. दक्षिणेतील अनेक राज्यांत युद्धापूर्वी गुलामाला अक्षर शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. ज्यांनी पाटी हिसकावून घेतली, तेच आता विचारत होते, "वाचता येते का?"

निरक्षर गोऱ्यांची मात्र सोय झाली. लुईझियानाने १८९८ साली ठरवले, की ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ पूर्वी मतदार होता, त्याला परीक्षा माफ. त्या तारखेला तेथील कृष्णवर्णीयांना मताचा हक्कच नव्हता, मग त्यांचा आजा मतदार कोठून असणार? याचा परिणाम आकड्यांत पाहा. १८९६ साली लुईझियानात १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२.

ही अवस्था दोन पिढ्यांहून अधिक टिकली. मार्च १९६५ मध्ये अलाबामातील सेल्मा गावी मताधिकारासाठी निघालेल्या शांत मोर्चावर लाठ्या चालल्या. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले, आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर सही केली. मिसिसिपीत त्यापूर्वी शंभरातील सात कृष्णवर्णीयही मतदार यादीत नव्हते. १९६७ पर्यंत ते सुमारे साठ झाले. पक्षांची अदलाबदलही लक्षात ठेवण्यासारखी आहे. लिंकन यांच्या पक्षाला मत देणारा हा समाज १९३० नंतरच्या दशकात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळू लागला आणि १९६४ नंतर बहुतांशी तिकडेच राहिला. गोऱ्या दक्षिणेने उलट वाट धरली. पक्षांची नावे तीच राहिली, माणसे बदलली. म्हणून इतिहास वाचताना नुसते नाव पाहू नये, त्या काळी तो पक्ष कोणाच्या बाजूने उभा होता ते पाहावे.

स्वतःचा पराभव मोजणारे

२००० साली पुन्हा १८७६ ची आठवण झाली. फ्लोरिडात जॉर्ज बुश यांची आघाडी अवघी ५३७ मतांची होती. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी फेरमोजणी थांबवली. अल गोर यांनी निर्णयाशी असहमती सांगून पराभव मान्य केला. उपाध्यक्ष या नात्याने ६ जानेवारी २००१ रोजी काँग्रेसमध्ये मतमोजणीच्या अध्यक्षस्थानी तेच होते. रिचर्ड निक्सन यांनीही जानेवारी १९६१ मध्ये आपला पराभव असाच स्वतः जाहीर केला होता, आणि ६ जानेवारी २०२५ रोजी कमला हॅरिस यांनी तेच केले. मधली तारीख ६ जानेवारी २०२१ ची. त्या दिवशी निकाल न मानणारा जमाव संसदभवनात घुसला. मोजणी काही तास थांबली, पण त्याच रात्री पुन्हा सुरू होऊन पहाटे पूर्ण झाली.

सांगण्याचे तात्पर्य असे. हरलेल्याने हार मानावी, हा लोकशाहीचा पहिला धडा आहे; १८६० ने तो रक्ताने शिकवला. दुसरा धडा १८७६ चा. दोन बलवान आपसात समेट करतात तेव्हा त्याची किंमत तिसरा, दुबळा, चुकवत नाही ना, हे पाहिले पाहिजे. शांतता झाली एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी १८७७ साली पुढच्या पिढ्यांचे मत गहाण टाकले, आणि ते सोडवायला अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली.

त्या विद्यार्थिनीला आता उत्तर देता येईल. बेटा, मत कोट्यवधींनी दिले. मोजताना ते ५३८ झाले. परंतु खरा हिशेब याच्याही अलीकडे सुरू होतो. यादीत नाव कोणाचे आहे आणि कोणाचे गळले आहे, तेथे. हा अंक हाती घेणाऱ्या पालकांना एवढीच विनंती, की घरात अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचे नाव मतदार यादीत आहे की नाही ते पाहावे. यादी वाचण्याचे काम मात्र शाळेत जाणाऱ्या धाकट्याकडे द्यावे. मोठ्याने वाचू द्यावे. घरात कोणाला वाचता येते, हे सर्वांना ऐकू येईल.