पाहुण्या आवाजाचं कूळ

2023 साली ब्रिटनमधल्या चेस अँड स्टेटस या जोडीनं बू नावाच्या संगीतकाराबरोबर 'बॅडाडॅन' हे गाणं काढलं. ड्रम अँड बास या संगीतप्रकारातलं हे गाणं तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पाचांत पोचलं. त्याच्या शीर्षकाशेजारी आयरा, फ्लोडॅन, ट्रिगा आणि टकुरा या चार पाहुण्या एमसींची नावं होती. एमसी म्हणजे ठेक्यावर बोलणारा, गर्दीला हाक देणारा, ताल जिभेवर खेळवणारा माणूस. त्याचं नाव असं दर्शनी यायला बराच काळ जावा लागला.

कूळ शोधायचं तर जमैकाला जावं लागतं. 1950 च्या दशकात किंग्स्टनमध्ये उघड्यावर मोठाले स्पीकर रचून नाच चालत. तिथं काउंट मचुकी माइक घेऊन दोन गाण्यांच्या मधे, कधी गाण्यावरच बोलायचा. पुढं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गायकाचा आवाज काढून नुसता ठेका ठेवायची रीत पडली आणि बोलणाऱ्याला मोकळं रान मिळालं. 1970 मध्ये यू-रॉयनं अशाच ठेक्यांवर बोलून जमैकाच्या यादीतल्या वरच्या तिन्ही जागा एकदम पटकावल्या. पोटापाण्यासाठी ब्रिटनला गेलेल्या जमैकन कुटुंबांबरोबर स्पीकरही गेले आणि माइकही.

ढोलाची बाजू मात्र अमेरिकेतली. 'द विन्स्टन्स' या बँडच्या 1969 सालच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमन एकटाच ड्रम वाजवतो, ते जेमतेम सहा-सात सेकंद. लंडनच्या पोरांनी 1990 नंतर तेवढाच तुकडा उचलला, पळवला, कापून पुन्हा जोडला. त्यातून आधी 'जंगल' हा संगीतप्रकार आणि मग ड्रम अँड बास उभं राहिलं. मिनिटाला 170 च्या आसपास ठोके पडतात, पण खालचा बास निम्म्या चालीनं चालतो. म्हणून बोलणाऱ्याला दोन वाटा असतात. बासबरोबर सावकाश बोलावं, नाहीतर ढोलाबरोबर सुसाट सुटावं. स्टीव्ही हायपर डी आणि स्किबाडी यांनी दुसरी वाट गाजवली, तर कॉनरॅडनं पहिली.

या एमसींचा आवाज राहिला तो मुख्यतः रेव्हच्या, म्हणजे रात्रभराच्या नाचांच्या, कॅसेटांवर. दुकानात विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डवर बहुतेक नुसतंच वाद्यसंगीत असे, आणि कमाई रेकॉर्ड करणाऱ्याची. कोलमनचं तर त्याहून वाईट झालं. हजारो गाण्यांत वाजलेल्या त्या तुकड्याचा एक पैसाही त्याला मिळाला नाही. 2006 मध्ये तो दारिद्र्यातच वारला.

नांदेड-लातूरच्या माणसाला ढोलावर बोलणारा आवाज नवा नाही. आपल्याकडं लग्नानंतर कुळधर्माचा गोंधळ घालतात. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई गोंधळी, तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई. माहूर नांदेड जिल्ह्यात आणि तुळजापूर लातूरच्या शेजारी, त्यामुळं या पट्ट्यात दोन्ही परंपरा नांदतात. कमरेला बांधलेला संबळ म्हणजे लहान-मोठ्या दोन ढोलांची जोडी. दोन काठ्यांपैकी एकीचं टोक वाकवलेलं असतं. धाकट्या ढोलावर कडकडाट होतो आणि थोरला खालून घुमतो. जोडीला तुणतुणं, झांज आणि पेटलेली दिवटी. गोंधळ्यांचा म्होरक्या, म्हणजे नाईक, उभा राहतो आणि आधी गावोगावच्या देवदेवतांना नाव घेऊन बोलावतो. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशी सगळी नावं झाल्याशिवाय आख्यान सुरू होत नाही. लंडनचा एमसी हजर असलेल्या मंडळींची नावं तालात घेतो, ते काम याच जातीचं. दोन्हीकडं आवाज आणि चामडं एकमेकांना जागा देतात. परभणीच्या राजारामबापू कदमांनी ही कला अंगणातून मंचावर नेली आणि गोंधळ म्हटलं की त्यांचं नाव निघू लागलं.

नाव टिकवायची आपल्याकडं आणखी एक पक्की सोय होती. संतांपासून शाहिरांपर्यंत बहुतेकांनी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004) गावोगाव गात फिरले. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या अखेरीस 'वामन' येतो. छापखाना नसो, रेकॉर्ड कंपनी नसो, गाणं जिथं जाईल तिथं कर्ता बरोबर जायचा. यापेक्षा भक्कम श्रेयनामावली मला तरी दुसरी माहीत नाही.

डीजेच्या मिक्समध्ये नेमकी तीच जागा कापली जाते. वरातीत किंवा 14 एप्रिलच्या मिरवणुकीत वाजणारं गाणं ऐका. धृपद घेतलेलं असतं, संबळाचा किंवा हलगीचा तुकडा फिरत असतो, त्याखाली छाती हादरवणारा बास भरलेला असतो. शेवटचं कडवं कुठंच नसतं, म्हणजे रचणाऱ्याचं नावही नसतं. गायकाचं आणि वादकाचं तर त्याआधीच गेलेलं असतं. वर मोठ्यानं घेतलं जातं ते फक्त मिक्स करणाऱ्याचं नाव, तेही दर अर्ध्या मिनिटाला. मला त्या मिक्सच्या आवाजाचं वावडं नाही. संबळाखाली बास चांगला बसतो, कारण त्या वाद्यात तो मुळातच आहे. नाव गाळणं मात्र मला अन्यायाचं वाटतं, आणि तो कोलमनवर झालेल्या अन्यायाचाच भाऊ आहे.

वेगळं करता येतं, याचा दाखला मुंबईतच आहे. मराठीत रॅप करणारा एमसी मवाली ज्यात आहे, त्या 'स्वदेसी' गटानं आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' केलं. ते ड्रम अँड बास नव्हे, पण बासवर उभं आहे. त्यात गाणारे आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचं नाव गाण्याच्या शीर्षकाशेजारी पाहुणा म्हणून आहे. एवढंच तर करायचं असतं.

नांदेड-लातूरकडं लॅपटॉपवर ठेके बांधणाऱ्या मित्रांनो, पुढचं मिक्स करताना गोंधळ्याला बोलवा, त्याचा आवाज नव्यानं ध्वनिमुद्रित करा, त्याला बिदागी द्या आणि तुमच्या नावाशेजारी त्याचं आणि संबळवाल्याचं नाव लिहा. जुनं गाणं घेणार असाल तर हक्क कुणाकडं आहेत ते विचारा, आणि शेवटचं कडवं कापू नका.