वसीला स्मृतिभ्रंश झाला तर वसियतीचं काय?

वसियत करताना आपण वसी म्हणून बहुतेक वेळा घरातल्या वडीलधाऱ्याचंच नाव घालतो. थोरले चाचा, मामू, नाहीतर मोहल्ल्यातले निवृत्त गुरुजी. पुढं पंधरा-वीस वर्षं जातात आणि वसीच ऐंशीच्या घरात पोहोचतो. मग घरात मय्यत होते, तेव्हा चाचांना नातवंडांची नावंही आठवत नसतात.

तासगावकडं वसीचं काम काही छोटं नसतं. द्राक्षबाग, कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा, व्यापाऱ्याकडून यायचे पैसे, सोसायटीचं कर्ज. आधी कफन-दफनाचा खर्च, मग देणी (न दिलेला मेहरही त्यातच), मग उरलेल्याच्या एक-तृतीयांशापर्यंत वसियत, बाकीचं वारसांचं. हा हिशोब समजणं म्हणजेच वसी असणं.

पण डॉक्टरांनी कागदावर ‘डिमेन्शिया’ लिहिलं म्हणून चाचा लगेच बाद होत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ प्रमाणे मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणाला अस्वस्थ मनाचं ठरवता येत नाही, ते सक्षम न्यायालयानं ठरवायचं असतं. सुरुवातीच्या टप्प्यात माणूस चावी कुठं ठेवली ते विसरतो, पण देणं-घेणं नीट समजतो. प्रश्न आजाराच्या नावाचा नाही, समजण्याचा आहे.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम २२३ अस्वस्थ मनाच्या व्यक्तीला प्रोबेट नाकारतं. मात्र मुस्लिमांच्या वसियतीला प्रोबेट सक्तीचं नाही, त्यामुळं बहुतेक घरांत वसीची समज कुणी न्यायाधीश तपासतच नाही. आमच्या मते खरा धोका इथंच आहे. न समजणाऱ्या चाचांचा हात धरून अंगठा उठवला जातो, ‘घरातलंच तर आहे’ म्हणून. उद्या एखाद्या बहिणीनं आपल्या हिश्श्यासाठी दावा लावला तर तो अंगठा टिकणं कठीण. चाचांकडून मुलानं मुखत्यारपत्र घेतलं असेल तर तेही उपयोगाचं नाही. देणारा अस्वस्थ मनाचा झाला की करार कायद्याच्या कलम २०१ नं मुखत्यारी संपते.

मग करायचं काय? चाचांना अजून समजत असेल आणि त्यांनी काम हाती घेतलेलं नसेल, तर त्यांना लेखी नकार देता येतो. काम सुरू झाल्यावर समज गेली, तर कलम ३०१ खाली उच्च न्यायालय वसीला दूर करून दुसरी सोय करू शकतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यानं सांगली-साताऱ्याच्या लोकांची यासाठीची मुंबईची खेप वाचली. ‘हिदाया’तही असमर्थ वसीसोबत काझीनं दुसरा माणूस जोडून द्यावा असं आहे, आज तो अधिकार न्यायालयाकडं आहे. एकमेव वसीच अस्वस्थ मनाचा असेल, तर कलम २४६ खाली जिल्हा न्यायालय त्याच्या जागी दुसऱ्याला प्रशासनपत्र देतं. अर्थात सगळे वारस सज्ञान आणि एकमताचे असतील, तर देणी भागवून त्यांनाच वाटणी करता येते, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

वसियत करणारे हयात असतील तर काम सोपं आहे. ती केव्हाही बदलता येते. वयानं लहान असा दुसरा वसी नेमा, आणि ‘दोघांपैकी कुणीही एकट्यानं काम पाहू शकेल’ हे स्पष्ट लिहा. ते लिहिलं नाही, तर दोघांनी मिळूनच काम करायचं होतं असा वाद निघतो आणि सगळं पुन्हा चाचांच्या सहीपाशी येऊन अडतं.