प्रिंटरच्या पोर्टवरचं कुलूप

आजचा भाग एका छोट्याशा डबीवर आहे. साधारण काडेपेटीएवढी, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लागायची. अमरावती-अकोल्यातल्या जुन्या डीटीपीवाल्यांना विचारा, ते तिला नुसतं 'लॉक' म्हणतात.

थोडं मागे जाऊ. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढलं. जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं की डॉसवर मराठी दिसायची. मग विंडोज आलं, पेजमेकर आलं, आणि सोबत श्रीलिपी, आकृती अशी पॅकेजेस. लग्नपत्रिका, साप्ताहिकं, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं, सगळं यांच्यावरच व्हायचं.

त्या काळी बऱ्याच महागड्या सॉफ्टवेअरसोबत लॉक यायचं. प्रोग्राम सुरू होताना पोर्टला विचारायचा, लॉक आहे का? उत्तर आलं तरच काम सुरू. म्हणजे लायसन्स कॉम्प्युटरमध्ये नव्हतंच, त्या डबीत होतं! नवा कॉम्प्युटर घेतला की सॉफ्टवेअर टाका, डबी तिकडे लावा, झालं. पुढे हेच काम इंटरनेटवर गेलं. टॅलीवाल्यांना माहीत आहे, जुन्या मशीनवर लायसन्स सरेंडर करायचं आणि नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करायचं.

मग अडलं कुठे? नव्या मशीनला तो पोर्टच राहिला नाही. ६४-बिट विंडोजवर जुने १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत, लॉकचे जुने ड्रायव्हरही नाही. आणि ऑनलाइन लायसन्स तरी कायमचं कुठे असतं? अडोबीने सीएस२ चे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा २०१३ मध्ये ग्राहकांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती ठेवावी लागली. पैसे तुम्ही मोजलेत, पण वस्तू चालायला दुसऱ्याचा सर्व्हर जिवंत पाहिजे.

तरी लॉक ही निम्मीच अडचण. अमरावतीत एका ओळखीच्या प्रेसमध्ये मी जुन्या फायली नव्या पीसीवर नेल्या. उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. काका म्हणाले, "फायली तं आल्या, पण आपलं मराठी कुठी गेलं बाप्पा?"

गेलं कुठेच नव्हतं. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असायचे. कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजीच, फॉन्ट असला तरच मराठी दिसणार. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण पेजमेकरला युनिकोड मराठी जमायची नाही, म्हणून प्रेस जुन्या फॉन्टवरच राहिल्या.

आपल्या वऱ्हाडात हे आधीही घडलंय. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, जिथे लीळाचरित्र रचलं गेलं. महानुभावांनी आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीत लिहिले. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं, आणि किल्ली फक्त पंथातल्या लोकांकडे. कितीतरी शतकं बाहेरच्यांना ते वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उकलली, तेव्हा मराठीतलं इतकं जुनं गद्य लोकांसमोर आलं. त्यांनी गुप्तता मुद्दाम ठेवली होती. आपल्या प्रेसमध्ये ती कुणी न ठरवताच झाली.

म्हणून, तुमच्या घरी किंवा ओळखीत जुनी प्रेस असेल तर एवढं करा. जुनं मशीन भंगारात देऊ नका. ते चालू आहे तोवर फॉन्टच्या फायली कॉपी करून ठेवा, कोणता फॉन्ट कुठे वापरलाय ते लिहून ठेवा. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा, तिथेच जास्त चुका होतात. नुसती पीडीएफ करून भागत नाही. ती दिसते मराठी, पण कॉपी केली की पुन्हा तीच गिचमिड.

सॉफ्टवेअर नवं घेता येतं. पण एखाद्या गावाच्या साप्ताहिकाची २० वर्षं दुकानात मिळत नाहीत. तुमच्याकडे असं लॉक पडलं असेल तर फोटो नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!